उद्यमनगरातला टी४८०: लिनक्स, दोन बॅटऱ्या आणि पैसे कुठे घालायचे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या शॉपमध्ये सीएनसीशेजारी (संगणकाच्या हुकमाने धातू कापणाऱ्या मशीनशेजारी) लॅपटॉप ठेवायचा म्हटलं की दोन गोष्टी गृहीतच धराव्या लागतात. बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) जॉबची काळी धूळ त्याच्या पंख्यात जाणार, आणि सीएनसीला केबल जोडलेली असताना तो चार्जरवर चालवता येणार नाही, का ते पुढे येतंच. या दोन अटी लावल्या की बॅटरी चिकटवलेले आणि रॅम सोल्डर केलेले पातळ लॅपटॉप यादीतून आपोआप गळतात. आम्ही लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० घेतला. २०१८ चं हे मॉडेल कंपन्यांच्या लीजमधून परत आलेल्या मालात भरपूर मिळतं. रॅमचे दोन स्लॉट, आत एक आणि बाहेर एक अशा दोन बॅटऱ्या, आणि साध्या फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हरने उघडणारी पाठ, एवढ्यावर तो आमच्या कामाला पुरा पडतो.

दुकानात मशीन पाहताना पाठीवरचा टाइप नंबर आधी वाचायचा. २०एल५ किंवा २०एल६ असेल तरच तो टी४८०. नावाला ‘एस’ लागलेला टी४८०एस वेगळा: त्याला बाहेरची बॅटरीच नसते आणि रॅमचा काही भाग बोर्डावरच असतो. टी४९० मध्येही तेच. राजारामपुरीत असो की ऑनलाइन, ही तिन्ही मॉडेल एकाच ढिगात पडलेली असतात आणि विकणाऱ्याला दर वेळी फरक माहीत असतोच असं नाही. मग एफ१ दाबून बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरायचं. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर मशीन जागेवर ठेवून द्यायचं. हा पासवर्ड सीमॉसची (सेटिंग जपणारी छोटी) बॅटरी काढून जात नाही, आणि पुढे सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय), अंतर्गत बॅटरी, बूटचा क्रम, काहीच बदलता येत नाही. दोन्ही यूएसबी-सी पोर्टवर चार्जर आळीपाळीने लावून केबल हलकेच हलवून पाहायची. टी४८० ला चार्जिंगचं वेगळं गोल किंवा चौकोनी भोक नाही. हे दोन पोर्ट मदरबोर्डावर सोल्डर केलेले आहेत आणि या मॉडेलचा सगळ्यात नाजूक भाग तोच.

घरी आणल्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकण्याआधी एक काम आहे, आणि ते पुढे ढकलू नये. त्या काळातल्या थिंकपॅडमध्ये थंडरबोल्ट कंट्रोलरचं (यूएसबी-सी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपचं) जुनं फर्मवेअर, म्हणजे चिपमधलं सॉफ्टवेअर, स्वतःच्या फ्लॅश चिपवर नोंदी लिहीत राहतं. चिप भरली की पोर्ट गप्प होतो: चार्जिंग बंद, एचडीएमआयवर चित्र नाही, डॉक ओळखला जात नाही. लोक याला पोर्ट तुटला समजून मदरबोर्ड बदलतात. लेनोव्होने यावर दुरुस्त फर्मवेअर दिलेलं आहे. मशीनमध्ये आधीची विंडोज असेल तर ती पुसण्याआधी तिच्यातूनच ते घालणं सोपं पडतं. चिप आधीच भरून पोर्ट गेलेला असेल, तर पाठ उघडून सीएच३४१ए हा चिप लिहिणारा प्रोग्रामर आणि क्लिप लावून ती चिप पुन्हा लिहावी लागते. मोबाइल दुरुस्त करणारा हुशार कारागीर ते करू शकतो. बोर्ड टाकून द्यायची गरज नसते. नेहमीचं बायोस अपडेट मात्र नंतर लिनक्समधून एफडब्ल्यूयूपीडी या फर्मवेअर बदलणाऱ्या सेवेने व्यवस्थित येतं. त्याला चार्जर जोडलेला आणि बॅटरी बरी भरलेली लागते.

उघडायची पद्धत अशी. बायोसमध्ये कॉन्फिग, मग पॉवर, तिथे ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ निवडायचं. मशीन बंद होतं आणि पुन्हा चार्जर लावेपर्यंत आतली बॅटरी बोर्डाला वीज देत नाही. हे न करता आत हात घालणं धोक्याचं आहे, विशेषतः डिस्प्लेची केबल काढायची असेल तर. ती केबल चालू बोर्डावर तिरकी बसली की बॅकलाइटचा फ्यूज उडतो आणि चांगला पॅनेल काळा दिसतो. त्यानंतर बाहेरची बॅटरी काढायची आणि पाठीचे सहा स्क्रू सैल करायचे; ते झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. झाकणाच्या कडेचे प्लास्टिकचे हूक लोखंडी पट्टीने उचकटले की मोडतात. गिटारची पिक किंवा जुनं एटीएम कार्ड घालून बिजागरीकडून सुरुवात करून कडेकडेने सरकायचं.

आमच्याकडे उघडल्यावर पहिलं काम धुळीचं. बीड कापताना जी काळी भुकटी उडते तिच्यात ग्रॅफाइट असतं आणि लोखंडाचे बारीक कण असतात. दोन्ही वीज वाहून नेतात, म्हणून ही धूळ घरातल्या कापसासारख्या धुळीपेक्षा वाईट. शॉपमधल्या कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात पाणी जरा जास्तच. शिवाय जोराच्या हवेने पंखा भरमसाट फिरून बेअरिंग जातं. मऊ ब्रश, हातातला रबरी ब्लोअर, आणि पंख्याच्या पात्यांवर बोट ठेवून पात्यांमधली व हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या भागाच्या) जाळीची धूळ बाहेरच्या दिशेने काढणं, एवढंच करायचं. जाळीत आतल्या बाजूने नमद्यासारखा थर बसलेला असतो. पंखा काढल्याशिवाय तो दिसतही नाही.

थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला लेप, त्याच बैठकीत बदलायची. हीटसिंकवर स्क्रूंचे क्रमांक छापलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे सैल करायचे आणि त्याच क्रमाने आवळायचे. प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं, सिलिकॉनचा तुकडा उघडाच असतो. एका बाजूने दाब आला तर कोपरा उडतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी पातळ आणि सगळीकडे पसरेल एवढीच लावायची.

लिनक्सच्या प्रकारांपैकी डेबियन १३ निवडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली ही आवृत्ती ६.१२ कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) चालते, आणि वाय-फायचं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच असतं, त्यामुळे मूळच्या इंटेल ८२६५ कार्डाला वेगळं काही शोधावं लागत नाही. साउंड, ब्राइटनेसच्या कळा, कॅमेरा, लाल ट्रॅकपॉइंट, झाकण मिटल्यावर झोपणं, सगळं पहिल्यापासून चालतं. टी४८० मध्ये जुनी एस३ पद्धतीची (फक्त मेमरीला वीज देणारी) झोप आहे, म्हणून रात्रभर मिटून ठेवला तरी सकाळी बॅटरी फारशी उतरलेली नसते. नव्या बऱ्याच लॅपटॉपना ही सोय राहिलेली नाही. चालत नाही ते बोटाच्या ठशाचं यंत्र. लिनक्सच्या ठसे वाचणाऱ्या लिबएफप्रिंटमध्ये त्याला आधार नाही. पायथॉन-व्हॅलिडिटी नावाचा वेगळा मार्ग आहे, पण अपडेटनंतर तो अधूनमधून सुटतो. तेलकट बोटांच्या शॉपमध्ये त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

मराठीसाठी आयबस (टायपिंगची सेवा) आणि इनस्क्रिप्ट (कीबोर्डची मांडणी) पुरे. जॉब कार्ड आणि कोटेशन त्यातच लिहितो. नव्या माणसाला अडतं ते ‘ऱ्या’वर. साधा र, हलंत आणि य दिलं की ‘र्य’ उमटतं. त्याऐवजी शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ दिली की ‘बॅटऱ्या’ बरोबर उमटतं.

खरा वेळ गेला तो दोन ठिकाणी, सीएनसीशी बोलण्यात आणि प्रोसेसरच्या वेगाच्या लगामात.

सीएनसीच्या फॅनुक कंट्रोलला (ती चालवणाऱ्या संगणकाला) आरएस-२३२ या जुन्या सिरिअल जोडणीने प्रोग्राम पाठवायचा तर यूएसबी-सिरिअल केबल लागते. डेबियनमध्ये वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात नसेल तर पोर्ट दिसतो पण उघडत नाही. गटात घालून एकदा लॉग-आउट करायचं. उबुंटू २२.०४ किंवा त्यावरच्या मिंट २१ मध्ये सीएच३४० चिपची केबल जोडल्याबरोबर गायब होते. कारण बीआरएलटीटीवाय ही ब्रेल उपकरणांसाठीची सेवा तिला आपलं उपकरण समजून ताब्यात घेते. ब्रेल लागत नसेल तर ते पॅकेज काढलं की केबल दिसू लागते. सेटिंग सीएनसीवर असेल तेच इकडे: बहुतेक ठिकाणी ४८०० किंवा ९६०० बॉड (पाठवण्याचा वेग), ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी (चूक पकडणारा बिट), २ स्टॉप बिट, एक्सऑन-एक्सऑफ (थांब-चालू सांगणारी खूण) चालू. प्रोग्रामच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह असलंच पाहिजे. कंट्रोलवर ०८५ अलार्म आला तर बॉड किंवा पॅरिटी जुळत नाही. ०८७ आला तर सीएनसी थांब म्हणतंय आणि लॅपटॉप पाठवत राहिलाय, म्हणजे एक्सऑन-एक्सऑफ बंद आहे. ०८६ आला तर केबलमध्ये सिग्नल परतलेला नाही. २५ पिनच्या टोकाला ४-५ आणि ६-८-२० हे जोड आहेत का ते मल्टिमीटरने तपासायचं.

आणि केबल जोडण्याआधी चार्जर काढायचा. चार्जरमधून येणारं अर्थिंग आणि सीएनसीचं अर्थिंग यांच्यात फरक असला की तो आरएस-२३२ च्या तारेतून वाट काढतो, आणि जळतं ते कंट्रोलचं पोर्ट, म्हणजे लॅपटॉपपेक्षा महाग वस्तू. म्हणून आमच्या हिशेबात बॅटरी हे पहिलं अपग्रेड. टी४८० आधी बाहेरची बॅटरी संपवतो आणि आतली राखून ठेवतो. आतली २४ वॉट-अवरची. बाहेरची २४, ४८ किंवा ७२ अशा तीन मापांत येते. हलक्या कामाला ७-८ वॉट लागतात असं धरलं तर २४ अधिक ७२ मध्ये कागदावर बारा तास होतात. वापरलेल्या बॅटऱ्यांवर अर्थातच कमी. महत्त्वाचं हे, की आतल्या बॅटरीवर लॅपटॉप चालू ठेवून बाहेरची बदलता येते. प्रोग्राम जात असतानाही.

बॅटरी विकत घेताना वरच्या लेबलावर भरवसा ठेवू नये. टीएलपी हे लिनक्सचं वीज सांभाळणारं साधन टाकलं की मूळ क्षमता, आताची पूर्ण क्षमता आणि किती वेळा चार्ज झाली हे तिन्ही वाचता येतं. पण नकली बॅटरीची चिप ७२ सांगते आणि आतले सेल त्याच्या जवळपासही नसतात. म्हणून पूर्ण भरून, ठरावीक भार देऊन, किती वॉट-अवर बाहेर पडले ते एकदा मोजायचं. टीएलपीतच चार्जिंगच्या मर्यादा घालता येतात. बॅट० आतली, बॅट१ बाहेरची. आतली ७५ ला सुरू आणि ८० ला बंद ठेवली आहे, कारण तिला फक्त बदलाबदलीची दोन मिनिटं धरायचं असतं. बाहेरची कामाच्या दिवसाआधी पूर्ण भरायची. टीएलपी आणि त्याच कामाचं पॉवर-प्रोफाइल्स-डेमन एकत्र ठेवू नयेत. दोघं एकाच सेटिंगवर ओढाताण करतात.

आता वेगाचा लगाम. इंटेलच्या आठव्या पिढीचा हा प्रोसेसर चार कोअर आणि आठ थ्रेडचा. आय५-८२५०यू एका कोअरवर ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. लिनक्समध्ये मात्र तापमान ८० अंशाला टेकलं की वेग खाली येतो, चार्जर लावलेला असला तरी. विंडोजमध्ये ही मर्यादा लेनोव्होचा ड्रायव्हर वर उचलतो, लिनक्समध्ये ते कोणी करत नाही. उपाय म्हणजे ‘थ्रॉटल्ड’ ही छोटी पायथॉन सेवा. तिच्या फाइलमध्ये तापमानाची आणि वॉटची मर्यादा वेगवेगळी देता येते. मूळ आकडे एका नळीच्या हीटसिंकला झेपत नाहीत. ९० अंश आणि २० वॉटच्या आसपास ठेवलं की पंखा सतत ओरडत नाही आणि वेगही टिकतो. एक अट आहे: सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल प्रोसेसरमध्ये ही मर्यादा लिहूच देत नाही. सेवा चालू दिसते, परिणाम शून्य. सिक्युअर बूट बंद केल्यावरच फरक पडतो. दुकानाबाहेर फिरणारं मशीन असेल तर हा सौदा परवडतो का ते ज्याचं त्याने ठरवावं. आमची डिस्क एन्क्रिप्टेड आहे.

याचा फायदा फ्रीकॅडमध्ये (जॉबचं मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लगेच दिसतो. मॉडेलचं एक माप बदललं की पुढची सगळी फीचर पुन्हा मोजली जातात, आणि हे काम बहुतांश एकाच कोअरवर चालतं. तिथे कोअरची संख्या कामाची नसते, एका कोअरचा टिकून राहिलेला वेग कामाचा. म्हणूनच रॅमआधी हीटसिंकवर खर्च करावा असं आमचं मत झालं. एमएक्स१५० ही वेगळी ग्राफिक्स चिप असलेल्या टी४८० ला दोन नळ्यांचा हीटसिंक येतो, आणि तो बिनग्राफिक्सच्या बोर्डावरही बसतो. वापरलेला मिळतो. पंख्यासकट घ्यावा आणि नळी कुठे चेपलेली नाही ना ते पाहावं. चेपलेली नळी उष्णता वाहत नाही.

रॅम बहुतेक मशीनला ८ जीबीची एकच पट्टी येते. दुसऱ्या स्लॉटमध्ये तेवढीच घातली तरी दोन चॅनल चालू होतात, आणि यूएचडी ६२० ग्राफिक्स याच मेमरीतून खात असल्याने फ्रीकॅडमध्ये मॉडेल फिरवताना फरक कळतो. लेनोव्हो ३२ जीबीपर्यंत सांगतं, प्रत्यक्षात ३२ च्या दोन पट्ट्याही चालतात. आम्ही १६ वर थांबलो. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढलेत, आणि ही डीडीआर४ आहे. पुढचं मशीन डीडीआर५ चं असणार, त्यात ही पट्टी जाणार नाही. जुन्या ऑफिस लॅपटॉपमधून निघालेली पट्टी घेऊन मेमटेस्ट ही रॅमची चाचणी एक रात्र चालवली की काम भागतं.

डिस्कचा हिशेब याच्या उलट. २.५ इंची साटा ड्राइव्हच्या जागी एम.२ चं अडॅप्टर आणि त्याची केबल बसवली की २२८० मापाची एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान डिस्क) बसते. इथे पीसीआयईच्या (डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या वाटेच्या) दोनच लेन मिळतात, म्हणजे वेग सेकंदाला दीड-पावणेदोन जीबीच्या घरात. साटाच्या साडेपाचशे एमबीपुढे हा भरपूर आहे. तरीही आम्ही चार लेनची, चांगल्या प्रतीची १ टीबी घेतली, कारण ती पुढच्या मशीनमध्ये जाणार आहे. ४जी कार्डाच्या रिकाम्या स्लॉटमध्ये दुसरी डिस्क घालता येते, पण ती २२४२ मापाची आणि बी-एम अशा दोन खाचांची हवी. फक्त एम खाचेची तिथे शिरतच नाही. मशीन प्रोग्रामचा बॅकअप तिथे छान बसतो.

वाय-फायमध्ये एक सापळा आहे. दुकानात एएक्स२०१ स्वस्त मिळतं आणि स्लॉटमध्ये बसतंही, पण ते इंटेलच्या सीएनव्हीआय जोडणीवर चालतं, आणि ती या पिढीच्या चिपसेटमध्ये नाही. कार्ड दिसणारच नाही. एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यायचं. अँटेनाची टोकं फार बारीक असतात. बरोबर वर धरून नखाने टक् असा आवाज येईपर्यंत दाबायची, तिरकी दाबली की चेपतात.

पडद्याचं मात्र अजून ठरत नाही. १३६६ बाय ७६८ चा टीएन पॅनेल शेडच्या दारातून येणाऱ्या उजेडात दिसत नाही, हे खरं. साध्या आणि फुल एचडी पॅनेलला ३० पिनची केबल लागते, त्यामुळे बिनटचचा ४०० निटचा फुल एचडी आयपीएस, उदाहरणार्थ इनोलक्सचा एन१४०एचसीजी-जीक्यू२, केबल न बदलता बसतो. टच किंवा डब्ल्यूक्यूएचडी घेतला तर ४० पिनची केबलही घ्यावी लागते. काचेचा टचपॅड बसवणं, ६४ जीबी, एमएक्स१५० चा बोर्ड, हे सगळं करता येतं म्हणून करू नये. लिब्रेबूट हे बायोसच्या जागी बसणारं मुक्त सॉफ्टवेअर २०२४ च्या डिसेंबरपासून टी४८० वर चालतं आणि ती मोठी गोष्ट आहे. पण त्यासाठी बायोसची चिप क्लिप लावून बाहेरून लिहावी लागते, आणि उत्पादन थांबेल अशा एकमेव मशीनवर तो प्रयोग नको. त्यासाठी दुसरा टी४८० असावा.

मग हे करत बसण्यापेक्षा फ्रेमवर्क १३ का नको, हा प्रश्न येतोच. तो लॅपटॉप याच विचाराने बनवलेला आहे. २०२१ च्या पहिल्या चौकटीत २०२५ चा रायझन एआय ३०० चा बोर्ड बसतो, पोर्ट बदलता येतात, टी५ स्क्रू-ड्रायव्हरने सगळं उघडतं. चार्जिंगचा पोर्ट घासला तर बदलायचं असतं ते बाहेरचं छोटं कार्ड. टी४८० च्या नेमक्या दुखण्यावरचा तो इलाज आहे. पण बॅटरी एकच, आणि ती आत. शॉपमध्ये चालू लॅपटॉपची बॅटरी बदलता येणार नाही. कोल्हापुरात त्याचा सुटा भाग दुकानात मिळत नाही, टी४८० चा कीबोर्ड दोन दिवसांत पुण्याहून येतो. एएमडीच्या बोर्डावर मागच्या दोन स्लॉटमध्ये यूएसबी-ए कार्ड ठेवलं तर वीज जास्त खाल्ली जाते, हेही सिरिअल केबल वापरणाऱ्याने लक्षात ठेवावं. ते कार्ड पुढच्या स्लॉटमध्ये घालायचं.

टी४८० चा यूएसबी-सी पोर्ट ज्या दिवशी जाईल त्या दिवशी हा प्रश्न पुन्हा काढायचा असं ठरवलं आहे. एक पोर्ट गेला तर दुसऱ्यावर चालेल. दोन्ही गेले आणि वापरलेला बोर्ड धड मिळाला नाही, तर ऑफिसच्या टेबलावर फ्रेमवर्क येईल. तेव्हा एनव्हीएमई आणि एएक्स२१० त्यात जातील, रॅमला नवे पैसे पडतील. तोपर्यंत चार्जरची केबल टेबलाच्या कडेला पट्टीने बांधून ठेवली आहे, म्हणजे कोणाचा पाय अडकला तर ओढ पट्टीवर येते, पोर्टवर नाही.